खडूनं लिहिलेला नऊ

“ह्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाय,” असं आधी म्हटल्याशिवाय सांडू हिवराळेनं आयुष्यात एकाही गाडीला नंबर दिला नव्हता. आणि गंमत अशी, की त्यानं एवढं म्हणायचा अवकाश, समोरच्याचा विश्वास बसायला लागायचा. उस्मानपुऱ्यात शफीकभाईचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. पुढं दुचाक्यांच्या रांगा, मागं लिंबाखाली चारचाक्या आणि टेम्पो, आणि कोपऱ्यात एक लोखंडी खुर्ची, ती सांडूची. कुणी गाडी विकायला आलं की शफीकभाई हाक मारायचा, “सांडूभाई, जरा सुन के बोलो.” मग सांडू उठायचा, लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. दोन मिनिटं. मग खिशातला खडू काढून बॉनेटच्या आतल्या अंगाला, नाहीतर सीटखाली, एक आकडा लिहायचा, दहापैकी. दहा त्यानं कधी कुणाला दिले नाहीत. दहा म्हणे शोरूममधल्या गाडीला, तेही ती फाटकाबाहेर पडेपर्यंत. आकड्याबरोबर गोष्ट फुकट. ही जीप खुलताबादच्या एका पैलवानाची, घाटात दमली की तो खाली उतरून तिला पाठीवर घ्यायचा, म्हणून टायर बघा कसे कोरे. ही स्कूटर एका मास्तरांची, मास्तर रिटायर झाले तरी ही रोज सकाळी साडेदहाला एकटीच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची, शेवटी हेडमास्तरांनी हिचं नाव हजेरीपटावर घातलं. माणसं पोट धरून हसायची आणि हसता हसता सीट उचलून आकडा बघायची. शहराचं नाव बदललं, रस्त्यांवर पूल आले, पण पैठण गेटपासून वाळूजपर्यंत जुनी गाडी घेणारा माणूस अजून एकच विचारायचा: सांडूचा किती?

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एका ट्रॅक्टरनं दोरीनं ओढत एक मालवाहू टेम्पो आवारात आणला, आणि ट्रॅक्टरवरून पिशोरचा बद्रीनाथ खाली उतरला. सांडूनं त्याला लांबूनच ओळखलं. टेम्पोसाठी नाही, दुसऱ्याच एका गोष्टीसाठी हा माणूस ह्या आवारात पुन्हा येऊ नये असं त्याला तीन वर्षं वाटत आलं होतं. हिवाळ्यात हाच टेम्पो घ्यायला तो आला होता तेव्हा सांडू सीटखालचा नंबर दाखवून लगेच जेवायला म्हणून घरी निघून गेला होता. आज खुर्चीतून उठायलाही वेळ मिळाला नाही. बद्रीनाथ समोर उभा राहिला आणि त्याच्या भरघोस मिशा हलल्या. मिशावाल्या माणसांचं सांडूला अलीकडं भय वाटायचं. त्यांचे ओठ दिसत नाहीत. त्यानं मान डोलवली, ह्या भरवशावर की मान डोलवणं बहुतेक ठिकाणी चालतं. इथं चाललं नाही. बद्रीनाथ वाकला आणि पुन्हा बोलला, मोठ्यानं, पण भांडणाऱ्याचा मोठेपणा त्यात नव्हता.

“मामा, मला वाद नाय घालायचा. खुलताबादच्या घाटात रॉड तुटला, इंजिन फोडून भायेर आला. अद्रकाची पोती होती मागं, ती उतरवून घेतली दुसऱ्या गाडीत, कुणाला काय झालं नाय. पण मिस्तरी म्हणला, हे इंजिन लई दिवसांपासून वाजत असणार. तुम्ही नऊ लिहिले तव्हाबी वाजत असणार. म्हणून इचारतो. तुम्हाला ऐकू नाय आलं का?”

“तव्हा नव्हतं वाजत,” सांडू म्हणाला. पटकन म्हणाला, ठामपणे म्हणाला, आणि शफीकभाईनं लांबून हात वर करून, “अरे बद्रीभाऊ, आओ, पैले चाय पियो, इंजिन का देखते अपन,” असं काहीतरी म्हटल्यासारखं तोंड केलं आणि बद्रीनाथ माठाकडं वळला. एवढंच झालं. त्यानं शिवी दिली असती तर सांडूला बरं वाटलं असतं. शिवीला उत्तर असतं, शिवीवर गोष्ट रचता येते. पण ‘तुम्हाला ऐकू नाय आलं का’ हे चार-पाच शब्द तो असे ठेवून गेला, की जसं कुणी दुसऱ्याच्या घरी सांभाळायला दिलेली वस्तू परत आणून उंबऱ्यावर ठेवावी. सांडूनं टेम्पोकडं बघितलं. दार उघडं होतं, आणि सीट वर केलेल्या जागी आतल्या पत्र्यावर त्याचाच नऊ, धूळ खाऊन जरासा पिवळट झालेला, पण स्वच्छ. खडूचं अक्षर इंजिनापेक्षा जास्त टिकलं होतं.

आता हे खरं सांगायचं तर, आणि सांडूनं हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, त्याच्या कानात चार-पाच वर्षांपूर्वी एक इंजिन सुरू झालं होतं. जुनं डिझेल, एका जागी उभं राहून धडधडणारं, रात्रंदिवस. सुरुवातीला त्याला वाटलं शेजारच्या पत्र्याच्या कारखान्यात काहीतरी नवीन बसवलंय. तो दोनदा जाऊन बघून आला. मग त्याला वाटलं हे आपोआप बंद पडेल, इंधन तरी किती पुरेल. इंजिन बंद पडलं नाही. बाकीचे आवाज मात्र एकेक करून त्याच्यामागं लपले. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरच्या शिट्ट्या. मग बायका आणि लेकरं, म्हणजे त्यांचे बारीक आवाज. मग इंजिनातल्या टॅपेटची टकटक, जी त्याला कधीकाळी झोपेत ऐकू यायची, रस्त्यावरून गेलेल्या गाडीची, आणि तो अंथरुणात उठून सांगायचा की तिसऱ्या सिलिंडरचा. हातानं कळलं असतं, इंजिनाची थरथर बोटांना सांगते, पण साखरेच्या आजारानं बोटांची टोकं केव्हाच मेली होती. चहाचा ग्लास गरम आहे की नाही हे त्याला वाफेवरून ठरवावं लागायचं. तरी तो पेचकस कानाला लावत राहिला. दोन मिनिटं डोळे मिटून तो आपल्याच डोक्यातलं डिझेल ऐकायचा, आणि मिटलेल्या पापण्यांच्या फटीतून गाडी विकायला आलेल्या माणसाकडं बघायचा.

माणसाकडं बघून नंबर द्यायचे. किल्ली देताना जो गाडीकडं बघतच नाही, त्याची गाडी पाच. जो निघताना टाकीवर एक थाप मारून जातो, सात. जो फाटकापर्यंत जाऊन परत येतो आणि आरसा पुसतो, आठ. पहिल्या महिन्यात सांडूला रोज वाटायचं की आज कुणीतरी परत येईल. कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. जितक्या गाड्या पूर्वी बिघडून यायच्या तितक्याच आता यायच्या, एखादी दुसरी. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि त्याला झोप लागेनाशी झाली. कारण मग ती आधीची चाळीस वर्षं काय होती? त्या चाळीस वर्षांत तो इंजिन ऐकत होता, की तेव्हाही माणसंच बघत होता आणि कानाचं नाव उगाच झालं? अंगावर काटा यावा असा हा प्रश्न, आणि तो विचारायचा कुणाला? बायकोला, भामाला विचारला असता. पण भामाला विचारण्याचे दिवस संपले होते.

शफीकभाईनं तर मध्येच आणखी एक गंमत केली. त्याची मुलगी यास्मिन बी.कॉम. झाली आणि तिनं आवार मोबाइलवर चढवलं. कुठल्याशा कंपनीशी करार झाला. कंपनी म्हणे प्रत्येक जुन्या गाडीच्या एकशे चाळीस तपासण्या करते आणि पाचपैकी तारे देते. तारे बघून मुंबई-पुण्याची माणसं न बघता गाडी घेतात. सांडूनं ती यादी डोळ्यांजवळ धरून वाचली. आरसे आहेत का, हॉर्न वाजतो का, पायपुसणं आहे का. एकशे एकोणचाळीस अशाच. आणि शेवटचा रकाना, इंजिनाचा आवाज. त्याला सगळ्यात जास्त वजन. यास्मिन पोरगी गुणाची, ती हातात मोबाइल घेऊन त्याच्यासमोर यायची, तोंड त्याच्याकडं करून बोलायची, का कोण जाणे, पहिल्यापासूनच. “मामू, आवाजात काय भरू?” “आठ लिहिलेत बाई मी.” “त्यांना पाचपैकी पाहिजे.” “मग चार भर.” आणि ती भरायची, आणि तिकडं तारे लागायचे. तारे खडूवर टेकलेले, खडू सांडूच्या कानावर टेकलेला, आणि कान कशावर टेकलाय हे एकट्या सांडूला ठाऊक. मुलगी करुणा एकदा म्हणाली होती, “आबा, आमच्या दवाखान्यात कान तपासायचं मशीन आलंय, एकदा या.” करुणा सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तो हसून म्हणाला, “माझ्या कानाला मशीन? अगं, मशीनचे कान मी तपासतो.” ती हसली नाही.

ह्या टेम्पोचं कसं झालं ते त्याला आता आठवलं, नको असताना. टेम्पो विकायला एक पन्नाशीचा माणूस आला होता, सिल्लोडकडचा. त्यानं किल्ली दिली आणि तो रडला. हुंदका वगैरे नाही. उभ्या उभ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं आणि त्यानं ते पुसलंही नाही. सांडूनं आयुष्यात गाडीसाठी असा रडणारा माणूस बघितला नव्हता. त्याला भरून आलं. ज्या गाडीसाठी माणूस असा रडतो ती गाडी कशी असेल, असं म्हणून त्यानं नऊ लिहिले, कित्येक वर्षांनंतरचे पहिले नऊ, आणि गोष्टसुद्धा सांगितली नाही. आणि आता, बद्रीनाथ माठाचं पाणी पिताना त्याच्या गळ्याची हालचाल बघत असताना, सांडूला लख्ख कळलं की तो माणूस गाडीसाठी रडत नव्हता. टेम्पोच्या मागच्या फळीवर रंगानं ‘प्रणय’ लिहिलेलं होतं आणि त्याभोवती दोन फुलं. कुणाचं तरी लेकरू. चालवणारं लेकरू आता नसेल. बाप टेम्पो विकत नव्हता, टेम्पो घरासमोरून हलवत होता. दुसऱ्याचं दुःख सांडूनं इंजिनाच्या खात्यावर टाकलं होतं.

तेवढ्यात फाटकातून करुणा आली. येणारच होती. तिची जुनी स्कूटी आता रस्त्यात कुठंही बंद पडायची, तिला दुसरी हवी होती, आणि यास्मिननं एक निळी वेगळी काढून ठेवली होती. करुणा सिडकोत राहते, दवाखाना शहराच्या दुसऱ्या अंगाला, आणि दर आठव्या दिवशी ती भीमनगरात सांडूच्या घरी येते, कारण आठव्या दिवशी नळ येतो. भामा गेल्यापासून तीन वर्षांत तिनं एक नळ चुकवला नाही. ड्युटी बदलून घेते, सुट्टी टाकते, नवऱ्याशी भांडते, पण येते. ड्रम भरते, टाकी भरते, पाइप गुंडाळते आणि शेवटी न्हाणीच्या दाराशी जराशी उभी राहते. सांडूनं कितीदा सांगितलं, “अगं, मी भरतो की, काय हातपाय मोडलेत का माझे?” ती म्हणते, “आई एकटी होती आबा त्या दिवशी. मी सुट्टी घेतली असती तर एकटी नसती.” हे ती म्हणते तेव्हा तो भांडी लावत असतो, किंवा लावल्यासारखं करत असतो, आणि हे वाक्य मात्र त्याला नेमकं, स्वच्छ, प्रत्येक अक्षरासकट ऐकू येतं. कानाचं हे असं असतं.

करुणा माठापाशी थांबली. यास्मिननं तिला पाणी दिलं. बद्रीनाथनं विचारलं असावं की ही कोण, यास्मिननं सांडूकडं बोट केलं असावं, कारण तिघांनीही वळून त्याच्याकडं बघितलं आणि बद्रीनाथ दोन्ही हात जोडून करुणाशी बोलायला लागला. वीस पावलांचं अंतर. सांडू खुर्चीत बसून बघत होता. त्याच्या डोक्यातलं डिझेल धडधडत होतं, लिंबाखाली ऊन-सावली हलत होती, आणि पलीकडं दोन माणसं आवाज नसलेल्या टीव्हीतल्यासारखी बोलत होती. पिशोर हा शब्द ओठांवर कसा दिसतो हे त्याला पक्कं माहीत होतं. ओठ आधी मिटतात, मग पुढं येतात. करुणाचे ओठ मिटले, पुढं आले. सांडूला उठायचं होतं, मध्ये जायचं होतं, काहीतरी अचाट सांगून दोघांनाही हसवायचं होतं, एखादा पैलवान, एखादी शाळेत जाणारी स्कूटर. उठता आलं नाही. 

तीन वर्षांपूर्वीच्या त्या मंगळवारी तो खरंच पिशोरला जाणार होता. बद्रीनाथला एक जुना ट्रॅक्टर घ्यायचा होता आणि त्यानं आदल्या आठवड्यात येऊन आर्जव केलं होतं, मामा, एकदा तुमचा कान लावा. सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं होतं. पायात चपलासुद्धा घातल्या होत्या. तर सत्यभामा स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली, कारण तिला तेव्हाच कळलेलं होतं की मागून बोलून उपयोग नाही, आणि म्हणाली, “आज नळ यायचा. माझा गुडघा लई ठणकतोय. आज नका ना जाऊ.” चाळीस वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. ‘ऐकलं का’ हीच तिची हाक. बाजारात, लग्नाच्या मांडवात, दीक्षाभूमीच्या गर्दीत, ‘ऐकलं का’ म्हटलं की शंभर बायकांतून तो तिच्याकडंच वळायचा. तो राहिला. तिच्यासाठी राहिला, हे कुणाला सांगता येत नाही. ती म्हणाली, “बसा तुम्ही. नळ आला की मी हाक मारते, मग ड्रम सरकवू लागा.” तो पुढच्या खोलीत पेपर पसरून एका कार्बोरेटरचे तुकडे घासत बसला, पाठ आतल्या दाराकडं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची लहान मूर्ती, ऊन हळूहळू फरशीवर पुढं सरकत होतं. तो हाकेची वाट बघत होता. मध्ये एकदा त्याच्या मनात आलं सुद्धा, आज नळाला उशीर झाला. एकदा त्यानं घड्याळ बघितलं. एकदा तर तो स्वतःशीच हसला, की भामा आज विसरली बहुतेक, एकटीच भरतीय. आणि मग त्याचे पाय ओले झाले. त्यानं खाली बघितलं. आतल्या दाराच्या उंबऱ्यावरून पाणी येत होतं, शांतपणे, पेपराची कड भिजवत, त्यात कार्बोरेटरचा एक बारीक स्क्रू तरंगल्यासारखा हलत होता.

न्हाणीच्या दाराशी ती पडलेली होती. डोळे उघडे. ओठ हलत होते. कितीदा हलले असतील ते ओठ तोपर्यंत, ह्याचा हिशेब सांडूनं कधी केला नाही. करायला बसला की त्याला उठून बाहेर जावं लागायचं. रिक्षात तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्याकडं बघत होती, रागानं नाही, तेच तर, रागानं नाही. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरानं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, “घरात कोणी होतं का? किती वेळ पडून होत्या?” आणि सांडूच्या तोंडातून, पेचकस लावल्यावर आकडा येतो तसं, आलं: “कुणी नव्हतं. मी पिशोरला गेलो होतो.” तोपर्यंत करुणा आपल्या वॉर्डातून धावत खाली आली होती आणि तिच्यासमोरच ते वाक्य कागदावर लिहिलं गेलं. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास आधी आणलं असतं तर. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तिसऱ्या दिवशी भामा गेली. आणि सांडू ते वाक्य सजवत गेला, कारण त्याला तेवढंच येत होतं. बद्रीनाथच्या घरी मक्याची भाकर खाल्ली. ट्रॅक्टरला सहा दिले. फोनला रेंज नव्हती. परतीच्या गाडीचं टायर फुटलं. भामाच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांना त्यानं हे सांगितलं आणि सगळ्यांचा विश्वास बसला, कारण पहिल्यांदाच त्यानं गोष्ट सांगताना ‘कुणी विश्वास ठेवणार नाय’ असं म्हटलं नव्हतं. एक करुणाच त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर त्याच्यासमोर खाली बसली होती, आपल्या ओढणीनं त्याची भिजलेली पँट पायांपासून गुडघ्यापर्यंत पुसत, आणि काही न विचारता.

लिंबाखालून करुणा त्याच्याकडं चालत आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं हे सांडूला वाचता आलं नाही, आणि चेहरे वाचण्यावर तर त्याची गेली चार वर्षं चालली होती. ती समोर उभी राहिली, नीट समोर, आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, “आबा, ती निळी स्कूटी बघा ना. तिला साडेचार तारे आहेत म्हणे.”

“ते तारे कच्चे. यास्मिननं अजून आवाज नाय भरला तिचा,” सांडू म्हणाला.

“म्हणूनच. तारे नकोत मला. तुमचा नंबर पाहिजे.” मग जराशानं, “खरा.”

“माझा नंबर कधी खोटा असतो का गं?”

यास्मिननं निळी स्कूटी स्टँडवर घेतली. करुणानं किल्ली फिरवली, बटण दाबलं. सांडूनं मागच्या नळीतून धूर आलेला बघितला आणि मान डोलवली. सवयीनं त्याचा हात पेचकसाकडं गेला. सवयीनं तो गुडघ्यावर बसला, टोक टेकवलं, मूठ हाडाला लावली. बाजूला बद्रीनाथचा ट्रॅक्टर चालूच होता, जमीन बारीक हादरत होती. त्यानं डोळे मिटले. आणि आज मिटलेल्या पापण्यांच्या फटीतून बघायला विकणारा माणूसच नव्हता. पाठीमागं त्याची मुलगी होती, आणि तिला नंबर द्यायचा होता, ज्या गाडीवर ती दर आठव्या दिवशी शहर ओलांडून त्याचं पाणी भरायला येणार. त्याच्या मनात आलं, पाच लिहावेत, घेऊ नको म्हणावं, येऊच नको म्हणावं. आलं, की आत्ता, ह्या क्षणी, गुडघ्यावर आहोत तेवढ्यात, सांगून टाकावं. तोंड उघडलं. आणि उघडलेल्या तोंडातून सवयीचंच बाहेर पडलं.

“ह्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाय, करुणा, पण ही गाडी मी ओळखतो. ही खुलताबादच्या एका सिस्टरची. तुझ्यासारखीच. उतारावर इंजिन बंद करून यायची आणि चढावर गाणं म्हणायची, तर गाडीला गाण्याची अशी सवय लागली की गाणं थांबलं की ही थांबायची. एकदा तर सिस्टर रुसली, चार दिवस गायली नाय, तर ही गाडी तिच्या दारात चार दिवस...” तो बोलत राहिला. बोलताना त्याला आतून ऐकू येत होतं, डिझेल नाही, काहीतरी वेगळं, लांबून, ओल्या फरशीवरून येणारं. त्यानं मूठ हाडाला आणखी दाबली. “ऐक आता. टॅपेट जरासा बोलतोय, पण तो जन्माचाच. बेअरिंग कसं, पाळण्यावानी. बेल्ट नवा. काही खडखड नाय, कुठं दुखत नाय हिला. बघ, आता कशी एकसारखी लागलीय. आठ देतो मी हिला. आठ. तुझ्या आईनं घेतली असती तर साडेआठ दिले असते.”

त्यानं हसून डोळे उघडले. आधी त्याला बद्रीनाथ दिसला, जो जमिनीकडं बघत होता. मग शफीकभाई, चहाचा ग्लास तोंडाशी नेऊन तसाच थांबलेला. मग यास्मिन, तिच्या हातात मोबाइल होता आणि रकाना भरायला तिनं बोट उचललेलं नव्हतं. मागच्या नळीतून धूर येत नव्हता. मग त्यानं मान वळवली. करुणा त्याच्या मागं दोन पावलांवर उभी होती आणि किल्ली तिच्या मुठीत होती. किल्लीचा निळा गोंडा तिच्या बोटांतून खाली लोंबत होता, आणि तो हलत नव्हता, म्हणजे किल्ली काढून बराच वेळ झाला होता. तिचे गाल ओले होते. तिचे ओठ हलले. सांडूनं मान डोलवली.

तेव्हा ती पुढं आली, त्याच्याजवळ मातीत गुडघे टेकून बसली, एका हातानं तिनं त्याच्या कानावरचा पेचकस बाजूला केला, तोंड त्या कानाशी नेलं आणि इतक्या मोठ्यानं बोलली की फाटकाबाहेरची माणसं थांबली.

“आबा, गाडी मी केव्हाच बंद केली. मागं उभं राहून तीन हाका मारल्या. ‘ऐकलं का’ म्हणून, आईसारख्या. तुम्ही वळला नाहीत. आबा, तुम्ही त्या दिवशी पिशोरला नव्हता. घरात होता.”